पंख्याची श्रवणचाचणी

अक्षता कारखानीसला बघायला भांडुपचे सावंत येणार होते, त्या रविवारी डबा सकाळपासून गुरगुरत होता.

डबा म्हणजे टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवलेलं, पावाच्या लादीएवढं काळं यंत्र. आत दोन डिस्क, मागच्या बाजूला छोटा पंखा, आणि पोटात कारखानीसांच्या घरातलं सगळं. लग्नमुंजीचे फोटो, अक्षताच्या शाळेतल्या नाचाची चित्रफीत, घराची कागदपत्रं आणि मुख्य म्हणजे अण्णांचे पक्षी. अक्षताचे वडील अण्णा विमा कंपनीतून रिटायर झाल्यापासून सकाळी कांजूरमार्गहून बस पकडून आरेच्या जंगलात जायचे, एखाद्या झाडाखाली रेकॉर्डर लावून बसायचे आणि दयाळ, तांबट, कोतवाल, जो गाईल त्याला पकडून घरी आणायचे. डब्यात भरलेला पक्षी घरच्या वायफायवरून टीव्हीवर, फोनवर, वाटेल तिथे ऐकता यायचा. ही सगळी सोय अक्षताने करून दिली होती. ती एका बँकेचे सर्व्हर सांभाळायची. तिथे काही खुट्ट झालं तरी ती जेवण टाकून उठायची, आणि घरचा डबा मात्र आठवडाभर कुरकुरत होता. दिव्याखाली अंधार, असं तिची आई कुंदा म्हणायची.

पाहुण्यांबद्दल अक्षताचा बेत ठरलेला होता. साडी नेसायची, हसायचं, पोहे द्यायचे आणि संध्याकाळी नाही म्हणायचं. हे तिने आईला आधीच सांगून टाकलं होतं. कुंदा म्हणाली, "सांगितलंस ना? आता गप्प बस आणि निऱ्या नीट कर."

सावंत तिघं आले. धोंडूकाका, सुगंधाकाकू आणि त्यांचा मुलगा केतन. केतन लोकांच्या कानांची तपासणी करायचा, मुलुंडला त्याचं स्वतःचं क्लिनिक होतं. तोही काही हौसेने आला नव्हता. हे स्थळ बघितल्याशिवाय घरात बांगडा शिजणार नाही, असं सुगंधाकाकूंनी जाहीर केलं होतं आणि तो शब्द त्या तीन रविवार पाळत होत्या.

बोलणी सुरू झाली. म्हणजे सुरू करायचा प्रयत्न झाला. कुंदाने विचारलं, "गाव कुठलं म्हणालात तुमचं?" आणि डबा म्हणाला, "घुर्रर्रर्र." सुगंधाकाकू म्हणाल्या, "मालवणच्या अलीकडे," ते कुणालाच ऐकू गेलं नाही. कुंदाने आवाज चढवला. सुगंधाकाकूंनीही चढवला. थोड्याच वेळात दोघी एकमेकींना नाल्याच्या दोन काठांवरून हाका मारल्यासारख्या बोलत होत्या, आणि तरी आवाजाचा उल्लेख कुणी करत नव्हतं. यजमानांच्या घरातलं यंत्र गुरगुरतंय म्हणायला सावंतांना संकोच, आणि आपलं यंत्र गुरगुरतंय हे कबूल करायला कारखानीसांना.

शेवटी अण्णांना राहवलं नाही. पक्षी ऐकवल्याशिवाय त्यांच्या घरातून आजवर कुणी सुटलेलं नव्हतं. त्यांनी रिमोट घेतला. "हा दयाळ ऐका. काय गळा आहे बघा."

दयाळ गायला लागला तसा डब्याला आणखी जोर चढला. सगळे माना डोलावत होते. धोंडूकाका बराच वेळ लक्ष देऊन ऐकत राहिले आणि मग आदराने म्हणाले, "पक्षी मोठोच दिसता."

"तो पक्षी नाही हो," अण्णा पडेल आवाजात म्हणाले. "तो डबा आहे."

अक्षताला हसू आलं. तिने ते पदराआड दाबलं आणि समोर बघितलं, तर केतनने ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि त्याचे खांदे हलत होते. मघापासून तो मान एका बाजूला कलती करून बसला होता. तो लाजतोय असं कुंदाला वाटलं होतं. तो खरं तर ऐकत होता.

"एक विचारू?" तो अक्षताला म्हणाला. त्या दोघांमधलं ते पहिलंच वाक्य असल्यामुळे चारही मोठी माणसं श्वास रोखून थांबली. "तो पंखा वाजतोय की डिस्क?"

"मला पंखा वाटतोय," अक्षता म्हणाली. "पण खात्री नाही."

"डिस्क असली तर?"

"तर अण्णांचे पक्षी उडाले."

अण्णांच्या हातातला रिमोट खाली आला.

"बघूया का मग?" केतन म्हणाला. "नाहीतर आता आपल्याला गॅलरीत पाठवतील, एकमेकांच्या आवडीनिवडी विचारायला."

"अरे मेल्या," सुगंधाकाकू म्हणाल्या, "तू मुलगी बघूक इलंस काय मशीन?"

पण तोवर दोघं खाली बसलेही होते. कुंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "राहू दे गं, मी बंदच करते तो," म्हणत तिने प्लगला हात घातला, आणि अक्षता आणि केतन एका सुरात ओरडले, "नको."

कुंदा दचकून मागे सरली.

"आई, तो आत लिहीत असतो काहीतरी," अक्षता म्हणाली. "चालू असताना असा खेचायचा नसतो. आधी त्याला सांगून बंद करावा लागतो."

"तुम्हाला कसं माहीत?" मग तिनेच केतनकडे वळून विचारलं.

"माझ्या क्लिनिकमधल्या कॉम्प्युटरचा प्लग आईने एकदा असाच काढला होता. झाडू मारायला."

सुगंधाकाकू आणि कुंदाने एकमेकींकडे बघितलं. त्या नजरेत बरीच समजूत होती.

अक्षताने डबा पुढे ओढला आणि थबकली. डब्याला पांढरं, क्रोशाचं, कडेने गुलाबी फुलं असलेलं झबलं घातलेलं होतं. ते पुढून टीव्हीच्या कव्हरसारखं दिसत होतं म्हणून तिच्या लक्षात आलं नव्हतं. मागून त्याने पंख्याची जाळी संपूर्ण झाकली होती.

"हे कधी घातलंस?"

"गेल्या आठवड्यात," कुंदा म्हणाली. "पाहुणे येणार होते. उघडंबोडकं बरं दिसत नाही. धूळही बसत नाही."

"अगं, त्याला श्वास घ्यायला जागा नको?"

अक्षताने फोनवर डब्याचं तापमान बघितलं. चांगलाच ताप होता. झबलं काढल्यावर बघता बघता पारा उतरायला लागला आणि ती मोठी घरघर खाली आली. अण्णांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुंदाने पोहे परतायला स्वयंपाकघराकडे पाऊल उचललं. आणि त्या उतरलेल्या घरघरीखालून एक नवाच आवाज वर आला. खर्र, टक. खर्र, टक.

"अरे वा," केतन म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "आत्ता खरा पेशंट बोलायला लागला. मघाचा नुसता वारा होता."

त्याने डबा उचलून चारपदरी टॉवेलवर ठेवला, कारण कप्प्याचं लाकूडच थरथरत असेल तर आवाज फुगतो. आवाज थोडा कमी झाला, पण गेला नाही. मग तो कुंदाला म्हणाला, "काकू, एक लाटणं मिळेल?"

"लाटणं?"

"हो. कोरडं."

लाटण्याचं एक टोक त्याने डब्याच्या कडेला टेकवलं आणि दुसरं कानाला. डोळे मिटले. सुगंधाकाकूंनी कपाळाला हात लावला. मुलीच्या घरी, मुलीच्या आईसमोर, कानाला लाटणं लावून बसलेला मुलगा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. केतन मात्र लाटणं इंचाइंचाने सरकवत होता. "ही एक डिस्क. मऊ फिरतेय. ही दुसरी. हीसुद्धा मऊ." लाटणं मागच्या जाळीवर आलं तसा तो कळवळला. "आई गं. इथे आहे."

"मी बघू?" अक्षताने लाटणं जवळजवळ ओढूनच घेतलं. लाकडातून तो आवाज थेट डोक्यात शिरत होता. वाळूत फिरणारं चाक असावं तसा. तिने फोनवर डिस्कचा अहवालही उघडून बघितला. दोन्ही ठणठणीत होत्या.

"अण्णा, पक्षी सुखरूप आहेत," तिने सांगितलं. "पंखा गेलाय."

यानंतर लाटण्याला रांग लागली. अण्णांनी ऐकलं, कुंदाने ऐकलं. धोंडूकाका "माका पण आयकूक दी" म्हणत गुडघे धरून खाली बसले, त्यांनी ऐकलं आणि पलीकडे असलेल्या सुगंधाकाकूंच्या डोक्यालाही लाटणं लावून बघितलं. "हय पण तसाच वाजता," ते म्हणाले. काकूंनी लाटणं काढून घेतलं. ते आता काकांच्याच डोक्यावर बसतंय की काय, असं क्षणभर सगळ्यांनाच वाटलं.

डबा रीतसर बंद केला, उघडला, पंखा बाहेर काढला. पात्यांवर धुळीचा करडा थर होता. अक्षताने आतून आपला गालाला पावडर लावायचा ब्रश आणला आणि केतनने पाती बोटाने धरून ठेवली. धूळ तिच्या साडीवर, त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर आणि दोघांच्या भुवयांवर बसली. मग त्याने पंख्याला बोटाने फिरकी दिली. पंखा दारू प्यायल्यासारखा डुलत फिरला आणि अडखळून थांबला.

"बेअरिंग," अक्षता म्हणाली. "आई, मशीनचं तेल आहे?"

शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पंख्याच्या मधल्या चकतीखाली सोडला. डबा जोडला, सुरू केला. आवाज नाही. सगळ्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. पोहे आले, लिंबू पिळलं गेलं, कुंदाने मोठ्या कौतुकाने विचारलं, "मग, गाव कुठलं म्हणालात तुमचं?" आणि डबा म्हणाला, "खर्र, टक."

धोंडूकाकांच्या तोंडात पोह्यांचा घास होता. तो घास आणि हसू एकदमच आलं. त्यांना ठसका लागला, अण्णा त्यांची पाठ थोपटायला गेले आणि तेही हसायला लागले. आता कुणी कुणासाठी थांबेना. सुगंधाकाकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"नवा पंखा लागेल," अक्षता डोळे पुसत म्हणाली.

"माझ्या क्लिनिकच्या खाली दुकान आहे," केतन म्हणाला. "रविवारी उघडं असतं. स्कूटर आणलीय मी. आईबाबा रिक्षाने आलेत."

डबा पुन्हा बंद करून पंखा काढला, आणि कुणी काही म्हणायच्या आत दोघं खाली उतरलेही होते. अक्षताच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जुना पंखा होता, साडीचा पदर कमरेला खोचलेला होता.

मुलुंडला ते दुकान एका जिन्याखाली होतं. मालकीण शीतल टेबलावर डबा उघडून जेवत होती. चौफेर उघडी यंत्रं, वायरींचे गुंते, स्क्रूंनी भरलेल्या लोणच्याच्या बरण्या. तिने जुना पंखा हातात घेतला, फिरवला, नाक मुरडलं. "हा मेला. याच मापाचे चारपाच आहेत माझ्याकडे, वायरीचं टोकही हेच. कुठला देऊ?"

"सगळ्यात शांत," दोघं म्हणाली.

"शांत सगळेच आहेत."

"तसं नाही," केतन म्हणाला. "लावून बघता येतील?"

शीतलने घास चावता चावता सगळे पंखे वायरीला जोडून दिले. केतनने एक स्टूल पुसलं. "बसा इथे. डोळे मिटा. मी एकेक पंखा कानाजवळ आणीन. ऐकू आला की बोट वर करायचं. शांत पंखा म्हणजे जो शेवटपर्यंत बोट वर करू देत नाही तो."

"माझी तपासणी करताय की पंख्याची?"

"दोघांची. फी एकाचीच घेईन."

अक्षता डोळे मिटून बसली. पहिला पंखा आला, तो दारातूनच ऐकू आला. बोट वर. दुसरा जरा उशिरा. तिसऱ्याला तिने बोट वर केलं तेव्हा शीतल म्हणाली, "ताई, तो अजून सुरूच केला नाहीये. तो आवाज बाहेरच्या रिक्षाचा आहे." अक्षताला हसू फुटलं आणि केतन गंभीरपणे म्हणाला, "पेशंटने हसायचं नाही. रिपोर्ट बिघडतो." त्यामुळे ते अजूनच फुटलं.

शेवटचा पंखा कधी आला तेच तिला कळलं नाही. कानाशी नुसता गारवा जाणवला, कुणी हळूच फुंकर घातल्यासारखा. ती बोट खाली ठेवून वाट बघत राहिली. मग डोळे उघडले तर पंखा तिच्या कानातल्या डुलाला टेकायच्या बेतात होता, आणि तो धरणारा माणूस तिच्याकडे बघत होता. त्याच्या भुवईवर अजून धूळ होती.

"हा," ती म्हणाली.

"हा," तो म्हणाला.

शीतलने डब्याचं झाकण लावलं. "लग्न कधी आहे तुमचं?"

"आत्ताच भेटलोय," अक्षता म्हणाली. "पोह्यांच्या वेळी."

"मग पोहे सोडून इथे काय करताय?" शीतलने विचारलं. परत येताना सिग्नलला थांबल्यावर अक्षता म्हणाली, "तुला रे, सगळीकडे असलेच आवाज ऐकू येतात का?" आपण तुम्हीवरून तूवर कधी आलो हे तिच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं. तो पुढे बघत नुसता हसला आणि सिग्नल सुटल्यावरही क्षणभर तसाच थांबला. मागच्या टेम्पोने हॉर्न दिला तेव्हा निघाला.

बिल्डिंगच्या जिन्यात शिरल्यावर दोघं थबकली. वरून कोंबडा आरवत होता. त्याच्यामागोमाग कोतवाल बोलला, मग तांबटाने टुक टुक टुक असा ठेका धरला, आणि पाठोपाठ टाळ्या. शेजारच्या ब्लॉकमधल्या शांताबाई दार किलकिलं करून उभ्या होत्या. "तुमच्याकडे काय चाललंय गं?" त्यांनी विचारलं.

आत डबा बंद पडल्यामुळे अण्णांनी पक्षी स्वतःच्या गळ्यातून ऐकवायला घेतले होते. दिवाणावर उभं राहून ते कोतवालाची नक्कल करत होते. धोंडूकाकांनी गावचा कोंबडा दिला होता. तांबट सुगंधाकाकूंचा होता, आणि कुंदा, जिला अण्णांच्या पक्ष्यांचा तिटकारा होता, ती ओठांचा चंबू करून होला घुमवत होती. मुलं दारात दिसली तशी ती जागच्या जागी थिजली.

"पंखा मिळाला का?" तिने साळसूदपणे विचारलं.

पंखा बसवायचं काम दोघांनी हसत हसत केलं, आणि हसत हसत केलेल्या कामात जे व्हायचं तेच झालं. डबा सुरू केला तर आवाज अजिबात नव्हता. सुगंधाकाकू म्हणाल्या, नवी वस्तू आलीय, निदान उदबत्ती तरी ओवाळूया. त्यांनी ती डब्यासमोर धरली. धूर आत जाण्याऐवजी सरळ उलटा आला आणि समोर वाकलेल्या केतनच्या नाकात शिरला. तो शिंकायला लागला.

अक्षताने उदबत्ती पुढे-मागे फिरवून बघितली. "थांब, थांब. हवा मागून आत येतेय आणि पुढून बाहेर पडतेय. पंखा उलटा बसवलाय आपण."

"आपण?" केतन शिंकांमधून म्हणाला.

"बाण बघायचं काम तुझं होतं."

"तू म्हणालीस, बाण कोण बघतं."

चार मोठी माणसं हे भांडण कान देऊन ऐकत होती. त्यांच्या चेहऱ्यांवर समाधान पसरत चाललं होतं. पंखा पुन्हा काढला, सुलटा केला, बसवला. या वेळी उदबत्तीचा धूर निमूटपणे आत गेला आणि मागून बाहेर पडला.

घरात शांतता झाली. कुणाच्या तरी घरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, खाली कुणीतरी गाडी धूत होतं तेही. अण्णांनी रिमोट उचलला आणि दयाळ लावला. आता तो स्वच्छ गात होता, एकेक तान सुटी सुटी. सगळे मनापासून ऐकत होते. आणि दयाळाने दम घेतला त्या जागेत, मंद पण स्पष्ट, आवाज आला. खर्र... फू. खर्र... फू.

अक्षताने डब्यावर झडप घातली. कुंदा लाटणं आणायला धावली. केतनने हात वर करून दोघींना थांबवलं, मान कलती केली, टीव्हीजवळ जाऊन ऐकलं आणि अण्णांकडे बघितलं.

"हा डब्याचा नाही," तो अगदी हळू आवाजात म्हणाला. "हा आरेतला आहे. झाडाखाली कुणीतरी झोपलंय."

अण्णांचे कान लाल झाले. "पहाटेची हवा फार छान असते हो तिथे," ते म्हणाले.

कुंदा हातातलं लाटणं धरून तिथेच खाली बसली आणि पोट दुखेपर्यंत हसली. धोंडूकाकांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

संध्याकाळी सावंत निघायला उठले. तेव्हा कुठे कुंदाला आठवलं की मुलांना गॅलरीत पाठवायचं राहूनच गेलं. तिने त्यांना ढकललंच. गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींमध्ये दोघं उभी राहिली.

"मी नाही म्हणणार होते," अक्षता म्हणाली.

"मी पण."

"आता?"

केतनने थोडा विचार केला. "आत्ता हो म्हटलं तर उद्यापासून हॉल बघायला लागतील. वेळ हवा म्हणून सांगूया. मला तुला आणखी काही रविवार असंच भेटायचंय."

"माझ्याकडे बिघडलेलं आता काही उरलेलं नाहीये."

"चालेल की."

तसं त्यांनी सांगितलं. कुंदा जराशी हिरमुसली. पुढच्या शनिवारी तिचा फोन वाजला. पलीकडे सुगंधाकाकू होत्या. "तुमची मुलं ठरवतीत सावकाश," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघं उद्या तुमच्या अण्णांबरोबर आरेत जाताव. तुम्ही पण चला. चटई घेतलंय."

रविवारी सकाळी चौघं गेली. अक्षता खिडकीतून त्यांना बसमध्ये चढताना बघत होती. चटई अण्णांच्या खांद्यावर होती, थर्मास धोंडूकाकांकडे. बस वळली तसा तिने केतनला फोन लावला.

"गेले सगळे," ती म्हणाली. "तू काय करतोयस?"

"दात घासतोय. का?"

"मग लवकर घास," अक्षता म्हणाली आणि फोन ठेवून चप्पल शोधायला लागली.